अंतर वाढले दिल्लीचे, विमान थांबले गोव्याचे

गोव्यातल्या मोपा विमानतळापासून लंडनजवळच्या गॅटविक विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,५५० किलोमीटर आहे. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावे टाकली की हा आकडा क्षणात मिळतो. त्याच्याखाली उड्डाणाचा अंदाजे वेळही दिलेला असतो, नऊ तास किंवा साडेनऊ तास. आकडा चुकीचा नसतो. पण तिकीट काढणाऱ्याला जे कळायला हवे ते त्यातून कळत नाही, कारण त्यात वाऱ्याचा, युद्धाचा आणि सरकारी हुकुमांचा हिशेब धरलेला नसतो.

एप्रिल २०२५ पासून हा हिशेबच महत्त्वाचा ठरला आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही तसेच उत्तर दिले. त्यानंतर दोन्ही देश महिन्या-महिन्याची मुदतवाढ देत राहिले. या बंदीने सर्वाधिक अंतर वाढले ते दिल्लीसारख्या उत्तरेकडच्या शहरांतून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचे. गोव्याचे अंतर फारसे वाढलेच नाही. तरीही जून २०२५ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-लंडन सेवा चालू ठेवली आणि मोपा-गॅटविक ही आठवड्यातून तीनदा होणारी थेट सेवा पूर्ण थांबवली. हे असे का झाले, हे समजून घेतले तर दूरच्या प्रवासाचे सगळे गणित उलगडते. गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातल्या ज्या घरांतले कुणी ना कुणी इंग्लंडला आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न अगदी दारातला आहे.

सरळ रेष वाकडी का दिसते?

आधी अंतराचे पाहू. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर गोवा ते लंडन पट्टीने रेष ओढली तर विमानाची वाट तिच्यापेक्षा उत्तरेला वाकलेली दिसते. पायलट वाट वाकडी करून जातो असा त्याचा अर्थ नाही. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे, आणि गोल वस्तू सपाट केली की रेषा वाकतात. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर गोव्यापासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा जिथून जाईल ती सर्वात जवळची वाट. ७,५५० किलोमीटर म्हणजे त्या वाटेची लांबी.

हा दोरा कुठून जातो ते पाहण्यासारखे आहे. अरबी समुद्र ओलांडून तो पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर चढतो, बलुचिस्तानचा कोपरा कापतो, मग इराण आग्नेयेकडून वायव्येकडे अख्खा ओलांडतो. पुढे आर्मेनिया-अझरबैजानच्या बाजूने काळ्या समुद्राकडे येतो, क्रिमियावरून युक्रेनमध्ये शिरतो आणि मग मध्य युरोपातून लंडनला पोचतो. ही नावे वाचली तरी अडचण ध्यानात येते. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानचे एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना बंद झाले. इराणचे जून २०२५ मध्ये अचानक बंद पडले. सर्वात जवळची वाट फक्त पृथ्वीगोलावरच उरली.

वेळेचा घोळ

अंतरानंतर वेळ. प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ७,५५० किलोमीटरला साडेआठ तासांच्या आत पोचायला हवे. पण धावपट्टीपर्यंत रांगेत जाणे, चढणे, उतरणे, लंडनवर घिरट्या घालत परवानगीची वाट पाहणे आणि समोरचा वारा हे सगळे धरून जाताना दहा तासांच्या आसपास लागतात. येताना त्याहून साधारण तासभर कमी.

जाण्या-येण्यातला हा फरक वाऱ्याचा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर सहज असतो आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परत येताना पाठीशी असतो. अंतर तेवढेच, वेळ मात्र बदलतो.

तिकिटावरच्या वेळा पाहून अनेकांची फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. तिकिटावर निघण्याची वेळ भारतातली आणि पोचण्याची वेळ लंडनमधली असते. समजा, विमान दुपारी १२ ला निघाले आणि दहा तास उडाले, तर हिवाळ्यात लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतील. कागदावर प्रवास साडेचार तासांचा दिसतो. परतीला लंडनहून संध्याकाळी ६ ला निघून नऊ तासांनी उतरले तर इथे सकाळचे साडेआठ. कागदावर साडेचौदा तास. त्यात मार्चअखेरीस इंग्लंडची घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरअखेरीस मागे येतात. म्हणून दोन देशांतला फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच तासांचा. दोन सेवांची तुलना करताना घड्याळाच्या वेळा सोडून ‘एकूण प्रवासकाल’ पाहावा, तोच खरा.

आकाशातले घाट

बेळगावहून गोव्याला उतरायला चोर्ला, अनमोड आणि आंबोली हे तीन घाट आहेत. पावसाळ्यात एकात दरड कोसळली की सगळी वाहने दुसऱ्या घाटाला लागतात. तिथे कोंडी होते, वेळ वाढतो, डिझेल जास्त जळते. दुसराही बंद पडला तर तिसऱ्याचा वळसा घ्यावा लागतो. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या विमानांचे नेमके हेच झाले.

पहिला घाट पाकिस्तानचा. तो बंद झाल्यावर भारतीय विमाने अरबी समुद्रावरून ओमानकडे जाऊन मग इराणवरून उत्तरेला वळू लागली. गोव्याहून मस्कतवरून लंडनला गेले तर अंतर सुमारे ७,६९० किलोमीटर भरते. थेट वाटेपेक्षा जेमतेम १४० किलोमीटर जास्त, दहा मिनिटांचा फरक. गोवा समुद्रकाठी असल्याने त्याला पाकिस्तान चुकवणे सोपे जाते.

दिल्लीचे तसे नाही. दिल्ली ते लंडन थेट अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर. पण निघाल्यावर थोड्याच वेळात ही वाट पाकिस्तानात शिरते. ती बंद म्हटल्यावर विमानाला आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे यायचे, कच्छपाशी समुद्रावर जायचे, मस्कत गाठायचे आणि मग लंडनची दिशा धरायची. हे अंतर साधारण ७,९५० किलोमीटर होते. बाराशे किलोमीटर जास्त, म्हणजे एका फेरीला सव्वा तासाहून अधिक. एरवी दिल्ली ही गोव्यापेक्षा लंडनला आठशे किलोमीटरने जवळ. बंदीनंतर ती गोव्यापेक्षा लांब पडली.

मग दुसरा घाटही बंद पडला. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि इराणचे आकाश बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून लंडन आणि न्यूयॉर्कला निघालेली एअर इंडियाची विमाने वाटेतून मुंबईला परतली. लंडनहून मुंबईला येणारे विमान व्हिएन्नाला वळवावे लागले. उरला तिसरा, सौदी अरेबिया आणि इजिप्तवरचा वळसा. गोव्याहून कैरोवरून लंडन सुमारे ८,१५० किलोमीटर पडते, थेट वाटेपेक्षा सहाशे किलोमीटर जास्त. तेही जमण्यासारखे होते. नुसत्या सहाशे किलोमीटरने विमानसेवा बंद पडत नाही.

मग गोव्याचेच विमान का?

याचे उत्तर अंतरात सापडत नाही, ते विमानांच्या संख्येत आहे.

विमान कंपनीकडे लांब पल्ल्याची विमाने मोजकी असतात आणि ती एका शहराची नसतात. आज गोव्याला आलेले ड्रीमलाइनर उद्या दुसऱ्याच मार्गावर धावते. आता हिशेब पाहा. समजा, दिल्लीहून पश्चिमेकडे रोज दहा विमाने जातात आणि प्रत्येकाच्या जाण्या-येण्यात मिळून अडीच तास वाढले. रोजचे पंचवीस तास झाले. म्हणजे एक अख्खे विमान दिवसभर नुसते वळसे घालण्यातच गेले. वैमानिकांचेही तेच. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असल्याने उड्डाण ठराविक तासांपलीकडे गेले की जादा वैमानिक न्यावे लागतात. माणसे तेवढीच, काम वाढलेले.

इंधनाचा भाग वेगळाच. ड्रीमलाइनर तासाला साधारण पाच टन इंधन जाळते. दिल्लीच्या वळशाला एका फेरीमागे सहा-सात टन जास्त लागतात. शिवाय ते जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. दर तासाला त्यातला तीन-चार टक्के भाग वाहण्यातच खर्ची पडतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. अमेरिकेच्या विमानांचे तर आणखी अवघड. एवढे इंधन एका दमात भरायचे तर प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो, नाहीतर वाटेत थांबावे लागते. म्हणूनच बंदीनंतर एअर इंडियाची अमेरिकेची काही विमाने व्हिएन्ना आणि कोपनहेगनला इंधन भरायला थांबू लागली. बंदी वर्षभर टिकली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज कंपनीने केंद्र सरकारला कळवल्याचे वृत्त मे २०२५ च्या सुरुवातीलाच आले होते.

त्यात १२ जून २०२५ ला अहमदाबादची दुर्घटना घडली. अहमदाबादहून गॅटविकलाच निघालेले ड्रीमलाइनर उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर या जातीच्या विमानांची तपासणी वाढली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तपासणीसाठी विमान जमिनीवर राहते तेव्हा ते उडत नाही. पाकिस्तानचा वळसा आधीच होता. इराणचे बंद आकाश आणि वाढीव तपासणी ही दोन ओझी एकाच आठवड्यात त्याच ताफ्यावर आली.

कंपनीने फेऱ्या कमी केल्या. मोठ्या मार्गांवर आठवड्यातल्या काही फेऱ्या गेल्या, सेवा मात्र टिकली. लांब पल्ल्याच्या ज्या सेवा पूर्ण थांबल्या त्यांत मोपा-गॅटविक, अमृतसर-गॅटविक आणि दिल्ली-नैरोबी होत्या. स्थगितीची पहिली तारीख १५ जुलै होती. गोव्याची सेवा त्यानंतरही लगेच सुरू झाली नाही. हवाई हद्दीवरची बंधने आणि वाढीव तपासण्या अशी दोन्ही कारणे सांगितली गेली, आणि ती खरीच होती. पण कात्री कुठे चालवायची हे किलोमीटरवर ठरले नाही. जिथे रोज विमान आहे तिथले आठवड्यातले एक कमी केले तर प्रवासी दुसऱ्या दिवशी जातो. जिथे तीनच आहेत तिथे एक काढले तर उरलेल्या दोनांवर विमानतळावरची माणसे, सामान, देखभाल हा सगळा पसारा सांभाळणे परवडत नाही. त्यामुळे कात्री लागते ती बारीक फांदीला.

अल्माटी जवळ, तरी दूर

विमान कुठवर जाऊ शकते, यालाही मर्यादा असते. कझाकस्तानातले अल्माटी दिल्लीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, दोन्ही शहरांचे रेखांश सारखेच. अंतर सुमारे १,६५० किलोमीटर, म्हणजे दिल्ली-बंगळूरपेक्षाही किंचित कमी. पाकिस्तानची वाट बंद होताच इंडिगोने एप्रिल २०२५ च्या अखेरीस अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणे थांबवली. समुद्रावरून मोठा वळसा घालून तिथे पोचणे तिच्या छोट्या विमानांच्या आवाक्याबाहेर होते.

मोठ्या विमानांचीही दमछाक होते. दिल्ली-वॉशिंग्टन अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. एअर इंडियाने ही थेट सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली आणि दोन कारणे दिली: जुन्या ड्रीमलाइनरच्या नूतनीकरणामुळे विमाने कमी पडत आहेत आणि पाकिस्तानच्या बंदीमुळे उड्डाणे लांबली आहेत. इथेही विमानांची टंचाई आणि वळसा हीच जोडी.

उत्तरेकडून थेट हिमालय ओलांडून का जात नाहीत, असा प्रश्न बरेच जण विचारतात. विमान शिखरांच्या खूप वरून उडते हे खरे. पण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर त्याला काही मिनिटांत दहा हजार फुटांच्या आसपास उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. खाली वीस हजार फुटांचे पर्वत पसरलेले असतील तर उतरायचे कुठे? म्हणून अशा वाटांवर सुटकेचे मार्ग आधी आखावे लागतात, आणि शक्य तिथे ती वाट टाळलीच जाते.

एकाला बंद, दुसऱ्याला उघडे

पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांवर आहे. ब्रिटिश किंवा आखाती कंपनीचे विमान भारतातून निघून पाकिस्तानवरून जाऊ शकते. त्यामुळे एकाच शहरातून एकाच दिवशी लंडनला निघालेल्या दोन विमानांच्या वाटा आणि वेळा वेगळ्या असू शकतात. फरक फक्त विमान कुठल्या देशाचे, एवढाच.

रशियाबाबत उलटे घडले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना नाही. मार्च २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि न्यूअर्क-मुंबई ही उड्डाणे थांबवली. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांची मुंबईची एक थेट सोय तेव्हा गेली. मुंबई-न्यूअर्क अंतर तेव्हाही साडेबारा हजार किलोमीटरच होते. त्या वेळी एअर इंडिया फायद्यात होती. तीन वर्षांनी पाकिस्तानने दार लावल्यावर फासे उलटे पडले.

बंदीचा इतिहास

प्रत्येक देश आपल्या भूमीवरच्या आकाशाचा पूर्ण मालक आहे, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले. तेव्हापासून आकाश बंद करणे हे शेजाऱ्यांच्या भांडणातले हत्यार झाले आहे, आणि भारतानेही ते वापरले आहे. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जायला बंदी केली. तेव्हा पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान हा एकच देश होता. कराची-ढाका हे अंतर २,३५० किलोमीटरच्या आसपास. श्रीलंकेवरून वळसा घेताच ते जवळपास दुप्पट झाले. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९७२ मध्ये निकाल लागला, पण विमाने पुन्हा सुरू झाली ती १९७६ मध्ये, दोन्ही देशांचे संबंध सुधारल्यावर. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हा बंदी आली, ती दोन वर्षांनी उठली. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने लावलेली बंदी १६ जुलैला संपली.

या हत्याराचे दोन्ही टोकांना पाते आहे. २०१९ च्या बंदीत २ जुलैपर्यंत भारतीय कंपन्यांचे सुमारे ५४८ कोटी रुपये गेले, त्यातले ४९१ कोटी एकट्या एअर इंडियाचे, असे सरकारने संसदेत सांगितले होते. पाकिस्तानलाही आकाशातून जाणाऱ्या विमानांकडून मिळणारे शुल्क बुडते. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचा तोटा झाल्याचे त्यांच्या सरकारने त्यांच्या संसदेत मान्य केले. राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय तोट्याच्या हिशेबाने घेतला जात नाही, हे मान्य. पण झळ कुणाला किती बसते, याचा हिशेब तरी मांडला गेला पाहिजे.

घरापर्यंत आलेली झळ

गोव्यातून इंग्लंडला गेलेला वर्ग मोठा आहे. १९६१ पूर्वी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात असल्याने तेव्हा इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याआधी त्या पासपोर्टवर अनेक कुटुंबे स्विंडन, साउथॉल, हाउन्सलो या भागांत स्थायिक झाली. गावाकडे राहिले ते आई-वडील. थेट विमानात साठी-सत्तरीतला माणूस इथे बसतो, तिथे उतरतो, मुलगा दारात उभा असतो. दोहा, मस्कत किंवा मुंबईमार्गे जायचे म्हटले की विमान बदला, गेट शोधा, इंग्रजीत विचारा, चार-सहा तास खुर्चीत काढा. मग सोबत लागते. सोबत म्हणजे आणखी एक तिकीट आणि कुणाची तरी रजा. दहा तासांचा प्रवास पंधरा-सोळा तासांचा झाला, हे दिसते. आजी एकटी जाऊ शकेनाशी झाली, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

वडोदऱ्याच्या प्रवाशाला तुलनेने बरे. अहमदाबादची लंडन सेवा १ ऑगस्ट २०२५ पासून गॅटविकऐवजी हीथ्रोला सुरू झाली. हैदराबादहून ब्रिटिश एअरवेजचे विमान थेट हीथ्रोला जाते. बेळगावकरांना मात्र मोपा हाच जवळचा पर्याय होता. तो गेला की मुंबई किंवा बंगळूर गाठायचे, म्हणजे अर्धा दिवस आधी निघायचे.

तिकीट काढताना

अशा काळात तिकीट काढताना काही गोष्टी पाहायलाच हव्यात. विमान कुठल्या देशाच्या कंपनीचे आहे आणि वाटेत इंधनासाठी थांबणार आहे का, हे आधी विचारावे. २६ एप्रिल २०२५ ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिली होती की बदललेला मार्ग, वाढलेला एकूण वेळ आणि वाटेतला थांबा यांची माहिती प्रवाशांना आधी द्यावी. म्हणजे विचारणे हा हट्ट नव्हे.

वाटेत विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिले विमान उशिरा पोचून दुसरे सुटले तर दुसरी कंपनी हात झटकते. काही देशांत विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो भारतीय पासपोर्टला लागतो का हे तपासावे. घरात एकाकडे पोर्तुगीज आणि दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर दोघांचे नियम वेगळे. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे हातातल्या पिशवीत आणि एका दिवसाची जास्तच ठेवावीत.

उड्डाण रद्द झाले तर पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण हा प्रवाशाचा हक्क आहे. आकाश बंद होणे कंपनीच्या हाताबाहेरचे मानले जात असल्याने वरची नुकसानभरपाई मात्र सहसा मिळत नाही. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांना तिथला कायदा लागू होतो, कंपनी कुठलीही असो. त्यानुसार अशा कारणानेही प्रवासी अडकला तर जेवणाची आणि गरज पडल्यास राहण्याची सोय कंपनीने करायची असते. हे माहीत नसल्याने अनेक जण स्वतःच्या खिशातून हॉटेल करतात आणि पावतीही ठेवत नाहीत.

पुढे काय?

बंद झालेले आकाश आजवर दरवेळी उघडले आहे. कधी साडेचार महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी, एकदा पाच वर्षांनी. हेही उघडेल. पण आकाश उघडले म्हणून गोव्याचे विमान आपोआप परत येईल असे धरून चालणे चूक ठरेल. मोकळे झालेले प्रत्येक विमान आधी मोठ्या मार्गाला मागितले जाते. मोपाच्या वाट्याला ते यायचे तर प्रवासी किती आहेत, कुठून येतात, बारा महिने येतात का, हे आकड्यांनिशी मांडावे लागेल. गोव्याची चर्चा बहुतेक वेळा इंग्लंडहून येणाऱ्या पर्यटकांभोवती फिरते, आणि पर्यटक हिवाळ्यापुरता. इथून जाणारा, मुलाकडे-मुलीकडे जाणारा प्रवासी वर्षभराचा आहे. त्यात सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव, कारवारचे लोकही येतात. पण तीन राज्यांत विभागलेला हा प्रवासी एका ठिकाणी कुणी मोजत नाही. गोवा सरकार गोव्यापुरते बोलते, महाराष्ट्र मुंबईपुरते, कर्नाटक बंगळूरपुरते.

मोपा ते गॅटविक ७,५५० किलोमीटर हा आकडा बदलणार नाही. विमान मिळणे, न मिळणे मात्र या मोजणीवर ठरेल. गोव्याची वाट दहा मिनिटांनी लांबली म्हणून तिचे विमान गेले नाही. वाटून द्यायला विमाने कमी पडली, तेव्हा या पट्ट्याचा हिशेब मांडणारे कुणी नव्हते.